फिरती पाळी आणि वाढते वजन

प्रश्न : आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराने वजन आटोक्यात कसे ठेवावे?

उत्तर : रात्रपाळीत वजन वाढण्यामागे केवळ जास्त खाणे नसते. शरीराचे जैविक घड्याळ उजेड-अंधारावर चालते. रात्री इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. त्यामुळे तेवढाच भात दुपारपेक्षा मध्यरात्री खाल्ल्यास रक्तातील साखर अधिक चढते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोड, तळलेल्या पदार्थांची ओढ लागते.

मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी करावे. मध्यरात्रीनंतर भूक लागल्यास मुगाचे धिरडे, उकडलेले अंडे, फुटाणे किंवा ताक पुरते. चहातील साखर सहसा हिशेबात धरली जात नाही. एक चमचा साखर म्हणजे सुमारे 20 कॅलरी. दोन चमच्यांचे सहा कप झाले की 240 कॅलरी होतात. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळल्यास सकाळची झोपही सुधारते. ती अंधाऱ्या, शांत खोलीत किमान सात तास असावी.

व्यायामाची वेळ पाळीप्रमाणे बदलली तरी चालते. आठवड्यात एकूण 150 मिनिटे भरभर चालणे व्हावे. वजन आठवड्यातून एकदा, उठल्यावर उपाशीपोटी करावे. रोजचा किलोभराचा चढउतार बहुधा पाण्याचा असतो. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा.

मधुमेहाच्या रुग्णांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. अन्यथा साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.