‘ईएफ ४० टक्के’ : हृदयाच्या अहवालाचे वाचन

पांढुर्णा-सौंसर भागात हृदयाघाताचा रुग्ण बहुधा नागपूरला नेला जातो. परतताना त्याच्यासोबत टूडी इकोचा अहवाल येतो. घरची भाषा मराठी, शाळा हिंदीतली आणि कागद इंग्रजीतला. त्यातला एक आकडा मात्र सर्वांना कळल्यासारखा वाटतो : ‘ईएफ ४० टक्के’. ‘म्हणजे साठ टक्के हृदय गेले,’ असा त्याचा अर्थ लावलेला मी अनेकदा ऐकला आहे. हा अर्थ चुकीचा आहे. त्यापायी बरा होऊ शकणारा माणूस धीर सोडून अंथरूण धरतो. म्हणून या अहवालातील काही शब्द आपल्या भाषेत उलगडून पाहू.

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. समजा, डावे निलय पूर्ण भरले तेव्हा त्यात १२० मिलिलिटर रक्त होते आणि आकुंचनानंतर ५० उरले. बाहेर पडले ७०, म्हणजे सुमारे ५८ टक्के. निरोगी हृदयही सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हे नेहमीचे प्रमाण आहे. तेव्हा ४० हा आकडा शंभरपैकी मिळालेल्या गुणांसारखा वाचू नये. तो कमी आहे, पण त्याची तुलना साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची.

दुसरा शब्द ‘अकायनेटिक’. याचा अर्थ भिंतीचा तो भाग हलत नाही. ‘तो भाग मेला’ असा त्याचा अर्थ नाही. न हलणाऱ्या स्नायूच्या तीन अवस्था असू शकतात.

पहिली, मूर्च्छित. रक्तप्रवाह पुन्हा सुरू झालेला असतो, पण स्नायू अजून सावरलेला नसतो. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ साली या अवस्थेला नाव दिले. असा स्नायू काही दिवसांत किंवा आठवड्यांत हलू लागतो.

दुसरी, सुप्त. रक्त सतत कमी मिळत असल्याने स्नायू काम आवरून जेमतेम तग धरतो. ही संज्ञा रहिमतुला यांनी रूढ केली. संत्र्याच्या बागा असलेल्या आपल्या भागात ती समजायला सोपी आहे. बहारासाठी ताणावर सोडलेले झाड मलूल दिसते, पण मेलेले नसते. पाणी दिले की पालवते. सुप्त स्नायूचेही तसेच. अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने रक्त पोहोचले, तर तो पुन्हा काम करू शकतो.

तिसरी, वण. स्नायू मरून त्या जागी तंतुमय ऊतक तयार होते. ही वाळलेली फांदी. पाणी दिल्याने ती हिरवी होत नाही.

साध्या इकोत तिन्ही अवस्था सारख्याच दिसू शकतात. फरक कळण्यासाठी डोब्युटामिन औषध देऊन इको करतात; जिवंत स्नायू त्याने हलू लागतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम टोचून काही मिनिटांनी प्रतिमा घेतली की वण पांढरा उमटतो. तो भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून कमी असेल, तर सुधारणेची आशा बरी. जवळजवळ पूर्ण जाडी व्यापली असेल, तर फार थोडी.

म्हणूनच पहिल्या आठवड्यातील इको हा अंतिम निकाल नव्हे. ईएफ फार कमी असताना झटका देणारे यंत्र बसवायचे की नाही, हेही सहसा आघातानंतर किमान ४० दिवसांनी, आणि मध्ये अँजिओप्लास्टी वा बायपास झाली असल्यास ३ महिन्यांनी पुन्हा तपासून ठरवतात. दोन अहवाल शेजारी ठेवताना हेही ध्यानात असावे की चार-पाच अंकांचा फरक निव्वळ मोजणीतूनही पडू शकतो. आणि आकडा सुधारला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ती सुधारणा बहुधा गोळ्यांच्याच आधारावर उभी असते.

शिक्षकांना आणि लेखकांना माझी एक विनंती आहे. ‘हलत नाही’, ‘जिवंत आहे’ आणि ‘वण पडला’ ही तीन मराठी वाक्ये वेगवेगळी ठेवू या. वर्गात निलय शिकवताना १२० आणि ५० चे गणित मुलांकडून करून घ्यावे. घरी अहवाल आला, तर डॉक्टरांना मराठीत विचारायचे प्रश्न दोनच आहेत : ‘न हलणारा भाग जिवंत आहे का?’ आणि ‘पुढचा इको केव्हा करायचा?’