शिवारातील पीक आणि ताटातील आहार

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे वाशीम तालुक्यातील एक मोठे गाव आहे. सभोवार काळी जमीन आहे. पावसाळ्यात या शिवारावर नजर टाकली तर दूरवर सोयाबीनचे पट्टे दिसतात. मधूनमधून तुरीच्या ओळी असतात. ज्वारीचे उभे पीक मात्र क्वचितच दृष्टीस पडते. पन्नास वर्षांपूर्वी, वाशीम हा अकोला जिल्ह्याचा भाग असताना, हा मुलूख ज्वारी आणि कापसाचा म्हणून ओळखला जात असे. शिवारातील हा पालट केवळ पिकांपुरता राहिलेला नाही. तो घराघरांतील ताटापर्यंत पोहोचला आहे. गावाच्या आहाराचा विचार करताना शेत आणि चूल यांतील हा संबंध प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

पूर्वीचे ताट

ज्वारीची भाकर, तुरीचे वरण किंवा पिठले, हंगामातील पालेभाजी आणि तोंडी लावावयास जवसाची अथवा तिळाची चटणी, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याचे रोजचे जेवण होते. ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर खाल्ल्या जात. ज्वारीच्या पिकात तूर, मूग, उडीद, चवळी व अंबाडी यांचे तास घालण्याची पद्धत होती. त्यामुळे एकाच शेतातून भाकर, वरण आणि भाजी ही तिन्ही घरात येत. निंदणाला गेलेल्या स्त्रिया परतताना तरोटा, पाथरी, घोळ, चिवळ अशा रानभाज्या ओटीत घेऊन येत. हा आहार कोणी तक्ते पाहून ठरविला नव्हता. तरीही धान्य, डाळ, पाला आणि तेलबिया ही चारही अंगे त्यात होती.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अनेक मजुरांच्या घरी भाकरीबरोबर मिरचीच असे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर आणि दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीवर राज्यातील लाखो कुटुंबांनी दिवस काढले. तेव्हाचा प्रश्न पोट भरण्याचा होता. आजचा प्रश्न पोट भरूनही अन्न अंगी न लागण्याचा आहे.

पालट कशामुळे झाला

ज्वारी मागे पडण्याची कारणे शेतकऱ्याच्या दृष्टीने सबळ आहेत. खरीप ज्वारी पक्व होताना पाऊस आला तर दाणा काळा पडतो व भाव मिळत नाही. पाखरे व रानडुकरे यांपासून पिकाची राखण करावी लागते. जनावरे कमी झाल्याने कडब्याची गरज घटली. उलट सोयाबीन साडेतीन महिन्यांत हाती येते आणि दिवाळीच्या सुमारास रोख पैसा देते. त्याच वेळी स्वस्त धान्य दुकानातून गहू व तांदूळ मिळू लागले. सणावारी होणारी गव्हाची पोळी रोजची झाली आणि भाकर मागे पडली.

गव्हाची पोळी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. कोंड्यासह दळलेली कणीक आणि ज्वारीचे पीठ यांतील प्रथिने व लोह जवळपास सारखेच असते. दोन्हींत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिने व ४ मिलिग्रॅम लोह आढळते. पांढऱ्या तांदळात मात्र लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. खरे नुकसान झाले ते ज्वारीच्या सोबत्यांचे. ज्वारीबरोबर मूग, चवळी आणि अंबाडी शेतातून गेली. सोयाबीनमध्ये तणनाशक फवारले की तणाबरोबर रानभाजीही जाते. जे पूर्वी शेतातून येत असे, ते आता बाजारातून विकत आणावे लागते. आणि जे विकत आणावे लागते, त्यातच प्रथम काटकसर होते.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हेच प्रमाण ५३.८ वरून ६८.९ टक्के झाले. धान्याची उपलब्धता वाढली असतानाही असे व्हावे, ही गंभीर बाब आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० कॅलरींच्या आहारासाठी त्यांत धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. दिवसाला ते सुमारे १६६ ग्रॅम होते. म्हणजे धान्याची दोन-तृतीयांश गरज भागते. परंतु डाळ, भाजी, दूध व फळे यांची तरतूद कुटुंबालाच करावी लागते. गावातील आहाराची खरी अडचण येथे आहे.

घरी काय करता येईल

पहिली गोष्ट, घरापुरती ज्वारी. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी १०० ग्रॅम पिठाची भाकर रोज एक वेळ केली, तर वर्षाला सुमारे १८० किलो ज्वारी लागते. एकरी ४ क्विंटल उत्पन्न धरले तरी अर्धा एकर पुरेसा होतो. पाण्याची सोय असल्यास रब्बीत पेरा केल्याने दाणा काळा पडण्याचे भय राहत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये अधिक लोह व जस्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण दिला आहे. अर्ध्या एकरातील ज्वारीत मूग, चवळी व अंबाडीचे तास घातले, तर वरण-भाजीचीही सोय होते. रानभाजी खुडावयाची ती मात्र न फवारलेल्या धुऱ्यावरची असावी.

दुसरी गोष्ट, सोयाबीन. ज्यात ३५ ते ४० टक्के प्रथिने आहेत, ते पीक सबंध बाजारात जाते आणि पिकविणाऱ्याच्या चुलीवर चढत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. म्हणून ते निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, कडक वाळवावे आणि ९ किलो गव्हास १ किलो या प्रमाणात दळून आणावे. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे कधीही खाण्यात येऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट खर्चाची नाही, सवयीची आहे. भाजी-वरणावर लिंबू पिळल्याने अन्नातील लोह अधिक शोषले जाते; जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते कमी शोषले जाते. दोहोंत निदान तासाभराचे अंतर असावे. तेलाचा हिशेब महिन्याचा ठेवावा. पाच प्रौढ माणसांस महिन्याला सुमारे ४ किलो तेल-तूप पुरेसे आहे. घरातील बाईने सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. वरणाचे पातेले तिच्यापर्यंत येईतो रिकामे होत असेल, तर वर सांगितलेला कोणताही उपाय तिच्या अंगी लागणार नाही. सर्वांनी एकत्र बसून जेवावे, हा रक्तक्षयावरील एक बिनखर्चाचा उपाय होय.

पंचायत, शाळा आणि अंगणवाडी

पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक शाळेतील मुलास दररोज १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी देण्याचे प्रमाण आहे. धान्याचे पोते मोजले जाते, तशी डाळ व भाजीही मोजली जाते काय, हे शिक्षकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने पाहावयास हवे. शाळेच्या परसबागेत शेवगा, पालक, चवळी व लिंबू लावल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल. पंचायत सदस्यांनी वर्षातून एका तरी ग्रामसभेत अंगणवाडीतील बालकांची वजने आणि स्त्रियांच्या रक्ततपासणीचा आढावा घ्यावा. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो. अशा वेळी आहाराबरोबरच सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्याही नियमित घ्यावयास हव्यात.

सोयाबीन सोडून द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. शेतकऱ्याला रोख पैसा लागतोच. परंतु पेरणीचा विचार करताना बाजाराच्या हिशेबाशेजारी घरच्या चुलीचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. शिवाराचा एक लहान तुकडा ताटासाठी राखला, तर अनसिंगसारख्या गावाला सकस आहारासाठी दूर पाहावे लागणार नाही.