६१७४ : कापरेकर स्थिरांक

देवळाली (जि. नाशिक) येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये या संख्येचा पुढील गुणधर्म शोधला.

कृती : सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मिळणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. उत्तर तीन अंकी आल्यास आरंभी शून्य लिहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते व पुढे तेच राहते.

उदाहरण : २४३१
४३२१ − १२३४ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

स्पष्टीकरण : काही उदाहरणे जुळली म्हणजे सिद्धता झाली, असे नव्हे. उतरत्या क्रमातील अंक क, ख, ग, घ मानल्यास वजाबाकी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) इतकी येते. येथे (क − घ) हा फरक १ ते ९ असतो आणि (ख − ग) त्याहून मोठा नसतो. म्हणून पहिल्या पायरीनंतर केवळ ५४ उत्तरे संभवतात. तेवढी तपासली की नियम सर्व संख्यांसाठी सिद्ध होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : १९०५ या संख्येपासून ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात?
(उत्तर : ७)