दुखापतीनंतरचे धावणे : वाट आणि सोबती

धावणाऱ्याला दुखापत झाली की पहिले काही दिवस तो पायाची चिंता करतो. पाय बरा वाटू लागला की घड्याळाची करू लागतो. घात होतो तो या दुसऱ्या टप्प्यात. आपल्या भागात पोलीस भरतीसाठी धावणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. भरतीची जाहिरात निघाली की ज्याने वर्षभर धावण्याचे बूट पायात घातले नाहीत तोही पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतो आणि महिन्याभरात नडगी धरून बसतो. थोडी विश्रांती घेतो, पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच टोळक्याबरोबर धावतो आणि पुन्हा बसतो. अशा दोन खेपांत संधी हातची जाते. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार येथे करावयाचा आहे.

शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सावरत नाहीत, ही यातील कळीची गोष्ट. दोन-तीन आठवडे सराव बंद राहिला की रक्तातील द्रवभाग घटतो आणि दम लागतो. परंतु सराव सुरू होताच तो लवकर भरून येतो. स्नायूही फार रेंगाळत नाहीत. टाचेमागच्या कंडरेला मात्र रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे तिला महिने लागतात. हाडाची तऱ्हा तर निराळीच. भार वाढला की हाड प्रथम आपलाच जुना भाग पोखरून काढते आणि मग तेथे नवा भरते. मधल्या काही आठवड्यांत ते पूर्वीपेक्षाही नाजूक असते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, हे ध्यानी घेतले म्हणजे धोका कोठे आहे ते दिसते. दम लागत नाही म्हणून धावणारा वेग वाढवतो आणि आतले हाड अजून अर्धेच भरलेले असते.

आता जुनी वाट घ्या. कोणत्या खांबापाशी किती मिनिटे झाली पाहिजेत, हे पाठ झालेले असते. जुने सोबतीही पुढे गेलेले असतात. त्यांनी आपल्यासाठी थांबावे, हे त्यांना आणि आपल्यालाही अवघडल्यासारखे होते. नव्या वाटेवर जुना हिशेब लागू होत नाही. नवा सोबतीही असा असावा की त्याच्याशी बोलत बोलत धावता येईल. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग जास्त झाला, इतकी सोपी कसोटी दुसरी नाही. नुकतीच धावायला लागलेली एखादी गृहिणी किंवा निवृत्त शेजारी या कामी भरतीवाल्या मित्रापेक्षा अधिक उपयोगी पडतात. पोरांना हे कमीपणाचे वाटते खरे!

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे याचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पायाची परीक्षा पाहणारा हा प्रकार. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी परदेशी प्रशिक्षकाचा सराव मानवेना म्हणून तो सैन्यातील आपले मार्गदर्शक अमरीश कुमार यांच्याकडे परतला आणि सप्टेंबरात भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद करून गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. म्हणजे सोबती नवखाच हवा असे नाही. आपल्या पायाचा आजचा अंदाज त्याला असला पाहिजे. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या या धावपटूला जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या उडीवर पडून गुडघ्याला गंभीर इजा झाली, आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली.

काशीगावातून धावायला निघणाऱ्यास सर्वांत जवळचा रस्ता महामार्गाचा. वाहने आणि धूर सोडले तरी त्यात दोन दोष आहेत. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवलेला असतो. सतत एकाच कडेने धावल्यास एक पाय रोज खाली पडतो. दुसरे असे की, घोडबंदरच्या दिशेने तीन किलोमीटर गेल्यावर नडगी दुखू लागली तर तेवढेच अंतर परत यावे लागते, आणि लंगडत का होईना माणूस ते धावूनच संपवतो. म्हणून आरंभी लहान फेरीची जागा बरी, जेथे घर किंवा बस कधीच दूर नसते. भाईंदर पश्चिमेचे सुभाषचंद्र बोस मैदान सपाट आहे आणि जमीन मातीची असेल तेथे पायही सुखावतो. मात्र फेऱ्यांची दिशा एक दिवसाआड बदलावी.

अर्धा तास झपाझप चालून काही दुखले नाही, तरच धावणे सुरू करावे : एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे, तेही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पाय काय म्हणतो, त्यावर पुढची वाढ ठरवावी. नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबून कळ येत असेल तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही, तेव्हा चित्र स्वच्छ आले तरी कळ खोटी मानू नये. घोडबंदरच्या किल्ल्याची टेकडी सर्वांत शेवटी घ्यावी; आणि पहिले काही दिवस चढ धावत चढला तरी उतार चालतच उतरावा, कारण उतारावर मांडीच्या स्नायूंना आणि गुडघ्याला चढापेक्षा अधिक झटका बसतो.