आमच्या अंगणातली घोडखिंड

दिवाळीत आपण सगळेच किल्ला करतो. यंदा आबा म्हणाले, "नुसता किल्ला नको, लढाई मांडू. बाजीप्रभूंची."

दगड रचले, त्यावर ओलं गोणपाट टाकलं, चिखल थापला, अळीव पेरले. एका टोकाला पन्हाळा, दुसऱ्या टोकाला विशाळगड, मध्ये घोडखिंड.

१२ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात, सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निघाले. शत्रू पाठीवर आला. तेव्हा महाराज विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभू देशपांडे सुमारे ३०० मावळे घेऊन खिंडीत थांबले.

आमच्याकडे मातीचे मावळे सात आणि शत्रूचे शिपाई तीस. मी विचारलं, "आबा, सात जण कसे पुरणार?"

आबांनी दोन धोंडे जवळ सरकवले. "आता आण तुझे तीस."

मधून दोनच शिपाई कसेबसे मावले. बाकीचे मागे ताटकळत! तेव्हा मला कळलं, जागा नीट निवडली तर थोडे लोक पुष्कळांना अडवतात.

धाकटी चिंगी बाजीप्रभूंना आडवं ठेवू देईना. आबा म्हणाले, "राहू दे उभे. महाराज गडावर पोचल्याची तोफ ऐकेपर्यंत बाजींनी प्राण सोडला नाही, असं सांगतात."

संध्याकाळी आम्ही विशाळगडापाशी एक लवंगी फटाका उडवला. मग चिंगीनंच बाजींना हळूच आडवं केलं. कोणी काही बोललं नाही.

तीच घोडखिंड पुढे पावनखिंड झाली.

— इयत्ता चौथी