आधी वाचा, मग मागवा

बैल घ्यायला आपण बाजारात जातो. तिथे काय करतो? दात पाहतो. चालवून पाहतो. चार माणसांना विचारतो. मगच पैसे मोजतो.

आता पुष्कळ वस्तू मोबाइलवरून मागवता येतात. संगणकसुद्धा येतो. पण त्याला हात लावून पाहता येत नाही. मग पारख कशी करायची? वाचून करायची.

एका गावच्या बचत गटाची गोष्ट आम्ही सांगतो. गटाच्या बायांनी हिशेबासाठी संगणक घ्यायचे ठरवले. मोबाइलवर चित्र पाहिले. चित्रात सगळे होते. पडदा होता, पेटी होती, कळफलक होता, माउस होता. बायांनी 18,000 रुपये भरले. आठ दिवसांनी खोके आले. उघडले, तर आत नुसती पेटी!

शेजारच्या मुलीने मोबाइलवरची बारीक अक्षरे वाचली. पडदा, म्हणजे मॉनिटर, सोबत मिळणार नाही, असे तिथे लिहिलेच होते. माल परत करायची मुदतही टळली होती. पडद्यासाठी बायांना वेगळे 6,000 रुपये मोजावे लागले.

बाया म्हणाल्या, "आम्ही चित्र पाहिलं, अक्षर वाचलंच नाही."

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. तेव्हा मागवण्याआधी एवढे पाहू या.

1. खोक्यात काय काय येणार? पेटी, मॉनिटर, कळफलक, माउस. एकेक नाव शोधून वाचा.

2. माल नवा की जुना? 'रिफर्बिश्ड' म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून विकलेला. तो वाईटच असतो असे नाही. पण त्याला नव्याची किंमत देऊ नका.

3. पेटीच्या आत काय आहे? रॅम म्हणजे कामाचे अंगण. एसएसडी म्हणजे माहिती साठवायची कणगी. साध्या कामाला रॅम 8 जीबी आणि एसएसडी 256 जीबी असली तर बरी. विंडोज कोणते तेही पाहा. विंडोज 10 ची नेहमीची मदत कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद केली. म्हणून विंडोज 11 आहे ना, ते वाचा.

4. बिघडला तर? वॉरंटी किती वर्षांची? दुरुस्तीला माणूस घरी येणार, की आपण पेटी घेऊन शहरात जायचे?

5. पसंत पडला नाही तर? किती दिवसांत परत घेतात? पैसे परत देतात, की फक्त वस्तू बदलून देतात?

6. विकणारा कोण? त्याचे नाव व पत्ता वाचा. 2020 सालच्या सरकारी नियमांप्रमाणे ही माहिती ग्राहकाला दिसली पाहिजे. तक्रारीची पोच 48 तासांत मिळाली पाहिजे. एका महिन्यात तिचा निकाल लागला पाहिजे.

इंग्रजी शब्द अडला, तर शाळेतल्या मुलांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पैसे घालवणे यात नुकसान आहे.

आता पैशाचे पाहू. फारच स्वस्त दिसले, तर थांबा. अनोळखी माणसाने पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे परत मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही. तो कुणी मागितला, तर तो ठग समजा.

खोके आले की उघडताना मोबाइलवर चित्रण करा. बिल जपून ठेवा. विकणारा दाद देत नसेल, तर 1915 या ग्राहक क्रमांकावर फोन करा. ठगाने पैसे लुबाडले, तर वेळ न घालवता 1930 वर कळवा.

त्या बायांचे पुढे काय झाले? गावात वीज सारखी जाई. संगणक एकदम बंद पडे. म्हणून त्यांनी यूपीएस मागवला. या वेळी पाच जणी एकत्र बसल्या. एकीने ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. बाकीच्यांनी ऐकली. मगच पैसे भरले.

सांगा पाहू:
1. बायांची फसगत कशामुळे झाली?
2. 'रिफर्बिश्ड' म्हणजे काय?
3. 1915 आणि 1930 हे क्रमांक कशासाठी आहेत? ते घरात भिंतीवर लिहून ठेवा.