चिपाडाची खळ : भाचीला मामाचे कानमंत्र

बेटा, उसाच्या चिपाडापासून सीएमसी, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, करायला घेतलंस हे ऐकून बरं वाटलं. तुझ्या आजोळी चिपाड चुलीत जातं. पण तेच नीट केलं तर सुताला खळ होते, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ देत नाही आणि टूथपेस्टला नळीत पाणी सुटू देत नाही. या कामात मी हात भाजून घेतलेत. तुझे शाबूत राहावेत म्हणून हे लिहितो.

1. चिपाड आणलंस त्याच दिवशी धुऊन उन्हात पसर – आत राहिलेली साखर आंबते. मी एकदा ओलं पोतं कोपऱ्यात विसरलो, तिसऱ्या दिवशी खोलीला ताडीचा वास आणि पोत्यात हात घातला तर आतून कोमट!

2. दळल्यावर चाळून मऊ भुसा बाजूला काढ – तो रसायन भरपूर पितो आणि धागा देत नाही. फुकट्या पाहुण्याला पहिल्या पंगतीला बसवू नये.

3. 100 ग्रॅममधून 35 ग्रॅम पांढरं हाती आलं तरी तोंड पाडू नकोस – चिपाडात मुळात सेल्युलोजच 40 ते 50 टक्के, बाकी हेमिसेल्युलोज नि लिग्निन.

4. कॉस्टिक सोडा थोडा थोडा पाण्यात टाक, सोड्यावर पाणी कधीच ओतू नकोस – एकदम तापून अंगावर उसळतं. चष्मा डोळ्यांवर हवा, कपाळावर नको.

5. सोड्यात शिजवल्यावर निघणारं काळं पाणी फिकं होईपर्यंत धुवत राहा – राहिलेलं लिग्निन ब्लीच खातं आणि शेवटी पूड चहाच्या रंगाची होते. धुण्यात कंटाळला, तो गाळण्यात रडला.

6. सोडियम क्लोराइट आणि अॅसेटिक अॅसिडचं ब्लीच फ्यूम हूडमध्येच कर – त्यातून क्लोरीन डायऑक्साइडचा पिवळसर विषारी वायू सुटतो. सांडलेलं क्लोराइट कागदावर किंवा फडक्यावर वाळू देऊ नकोस, ते पेट घेतं.

7. वजन करण्याआधी सेल्युलोजमधला ओलावा मोज – कोरडं दिसलं तरी ते हवेतलं पाणी धरून असतं, आणि पुढचा सगळा हिशोब या वजनावर उभा. मापात आळस, वहीत फास.

8. सेल्युलोज आयसोप्रोपॅनॉलमध्ये ढवळत ठेव आणि कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब सोड, मग तासभर धीर धर – धागा आधी फुगला तरच पुढचं रसायन आतपर्यंत शिरतं. जवळपास ज्योत नको. आयसोप्रोपॅनॉल लगेच पेटतं.

9. मोनोक्लोरोअॅसेटिक अॅसिड वापरत असशील तर त्याच्या एका मोलमागे कॉस्टिकचे निदान दोन मोल धर – एक अॅसिड शमवण्यात जातो, दुसरा खऱ्या कामाला लागतो.

10. त्याच अॅसिडला हातमोज्यांशिवाय शिवू नकोस – ते कातडीतून रक्तात उतरतं, आणि अंगाच्या थोड्याशा भागावर सांडलं तरी जिवावर बेतू शकतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओत आणि थेट दवाखाना गाठ. ‘बघू थोड्या वेळाने’ म्हणायचं नाही.

11. ते अॅसिड घातल्यावर 50 ते 60 अंशांवर तीनेक तास पुरेत, घाईने आच वाढवू नकोस – जास्त तापलं की साखळ्या तुटतात, द्राव पातळ होतो आणि अॅसिड नुसतं ग्लायकोलेट होऊन वाया जातं.

12. झाल्यावर आधी अॅसेटिक अॅसिडने शमव, मग 80 टक्के इथेनॉलने धू – नुसत्या पाण्यात सीएमसीच विरघळून जाईल आणि नुसत्या इथेनॉलमध्ये या खटपटीत तयार झालेलं मीठ सुटणार नाही. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाक. दुधाळ झालं तर अजून मीठ आहे.

13. पूड पाण्यात नुसती फुगली, विरघळली नाही, तर फेकू नकोस – सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज-कडीला तीन खुंट्या असतात, आणि सरासरी 0.4 खुंट्या तरी भरल्या नाहीत तर ती विरघळत नाही. तीच पूड पुन्हा एकदा कॉस्टिक आणि मोनोक्लोरोअॅसेटिक अॅसिडमधून काढ.

14. विरघळवताना जोरात ढवळत्या पाण्यात चिमूट चिमूट पेर, पिठल्याला बेसन पेरतात तशी – ढीग टाकलास तर बाहेरून बुळबुळीत, आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात, आणि त्या फोडण्यात दुपार जाते.

आणि कितीही पांढरीशुभ्र झाली तरी चाखून बघायची नाही हं! खाण्याच्या सीएमसीची शुद्धता 99.5 टक्के लागते, आणि तुझ्या मामालाही ती पहिल्या खेपेला कधी जमली नाही.

दिवाळीला येशील तेव्हा एक टक्क्याचा द्राव छोट्या बाटलीत भरून आण. बाटली उलटी करू. बुडबुडा जेवून उठलेल्या माणसासारखा आळसावत वर चढला, तर भाची पास.